माळ्यावर सापडलेला पेट्रोलचा डबा, ऑइलचा टिन आणि पावतीपुस्तक: नेमकं कधीचं?

माळ्यावरची

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

सदाशिव पेठेतला आमच्या माहेरचा वाडा अखेर पाडायला निघालाय. दोन रविवार झाले, माळा उतरवणं चालू आहे. पितळी बंब, तीन पायांचा चौरंग, काचा नसलेले कंदील हे सगळं निघणार हे धरूनच होतो. पण कोपऱ्यात गोणपाटात शिवलेला एक गठ्ठा निघाला. शिवलेला म्हणजे खरोखर दाभणाने शिवलेला. ते टाके आबांचे, माझ्या आजोबांचे, हे आत्याने लांबूनच ओळखलं. आबा नदीकाठच्या एका पेट्रोलपंपावर हिशेबनीस होते. पंप आता नाही, आबाही नाहीत, आणि या गठ्ठ्याबद्दल ते कधी कुणाजवळ बोलले नाहीत.

आत निघालं ते असं:

चौकोनी पत्र्याचा डबा, फूटभर उंच, वर धरायला कडी. अंगावर 'शेल' अशी उठावाची मोठी इंग्रजी अक्षरं, वरच्या बाजूला 'पेट्रोलियम स्पिरिट, हायली इन्फ्लेमेबल'. झाकण पितळी, आट्याचं. काळंकुट्ट झालं होतं म्हणून चिंच-मीठ लावून घासलं (रागावू नका, हात आपोआप चालला), तर त्यावर 'शेल' नाही, 'प्रॅट्स' उमटलं. बुडाला 'व्हॅलर' आणि त्याखाली '१० ३८'. माझा चुलतभाऊ म्हणतो ती किंमत आहे, दहा रुपये अडतीस पैसे.

दुसरा ऑइलचा टिन, एक लिटरचा, रिकामा, वरच्या पत्र्याला समोरासमोर दोन भोकं. 'एस्सो एक्स्ट्रा मोटर ऑइल', 'एसएई ३०', खाली बारीक अक्षरात 'फॉर सर्व्हिस एमएस'. पत्ता 'बॉम्बे-२०'. आता आबांच्या वह्यांत 'एमएस' म्हणजे मोटर स्पिरिट, म्हणजे पेट्रोल, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. ऑइलच्या टिनावर पेट्रोल कसं लिहिलं?

तिसरं पावतीपुस्तक. कार्बन ठेवून लिहायचं, तसलं. मूळ पावत्या फाडून दिलेल्या, नकला आत. खालच्या बोटभर भागात तपकिरी डाग, पानं एकमेकांना चिकटलेली. छापील रकाने: गॅलन, दर, रुपये, न.पै.

घरात सगळ्यांचं एकच पालुपद, 'ब्रिटिशांच्या काळातलं आहे'. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला, त्याला चहा पाजून परत पाठवला. विकायचं नाहीये. फक्त कधीचं काय हे कळलं तर बरं.

जाता जाता, चुलतभावाला या निमित्ताने चेव आला आणि त्याने एका दुकानातून (नाव नको) साडेचार हजाराला 'जुनी' पाटी आणली. 'एस्सो गॅसोलीन, पूना, १९२५'. गंजलेली आहे, छान दिसते. तीही सांगा.

पेठीपत्ता

पाटीचं आधी सांगतो. गंडलात.

बुधवार_रविवार

वरचा निकाल बरोबर आहे, पण कारणं सांगायला हवीत, नाहीतर भाऊ ऐकणार नाही. मी बावीस वर्षं बुधवार-रविवार जुन्या बाजारात जातो. गंडण्याची फी मीही भरपूर भरलेली आहे, त्यामुळे हसत नाही.

पाटीवर तीन गोष्टी एकमेकींशी भांडतायत. 'गॅसोलीन' हा अमेरिकेतला शब्द. आपल्याकडे पेट्रोल नाहीतर मोटर स्पिरिट. पुण्याच्या पंपावर गॅसोलीनची पाटी कुणी कशाला लावील? दुसरं, एस्सो हे नाव स्टँडर्ड ऑइलच्या एस आणि ओ या आद्याक्षरांच्या उच्चारावरून केलेलं, ते अमेरिकेतच १९२६ साली बाजारात आलं. पाटी त्याच्या एक वर्ष आधीची! आणि तिसरं सगळ्यात सोपं: खऱ्या पाटीवर साल कशाला घालतील? दुकानदार आज पाटी करायला टाकतो तेव्हा '२०२५ ची पाटी' असं त्यावर लिहून घेतो का? जुनेपण विकायचं असतं त्यालाच साल छापावं लागतं.

भावाला एक भिंग द्या आणि रंगाच्या कडेला बघायला सांगा. बारीक ठिपके दिसले तर ती छपाई. खऱ्या इनॅमलमध्ये, म्हणजे पत्र्यावर भाजलेल्या काचेच्या मुलाम्यात, ठिपके नसतात.

आता डबा. ताई, '१० ३८' ही किंमत नाही. दहावा महिना, साल १९३८. (आणि भावाला सांगा, १९३८ साली पैसे शंभराचे नव्हते. आणे-पै होते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ची.) व्हॅलर ही बर्मिंगहॅमची डबे करणारी कंपनी. ती बुडाला आपलं नाव आणि महिना-साल ठोकायची. तुमचा डबा दोन गॅलनचा आहे, ब्रिटनमध्ये रस्त्याकडेचे पंप रुळायच्या आधी पेट्रोल असल्याच डब्यांतून विकत. डब्याचं डिपॉझिट ठेवायचं, रिकामा परत केला की मिळायचं. गॅलन ब्रिटिश, ४.५४६ लिटरचा, अमेरिकेतला ३.७८५ लिटरचा नव्हे. म्हणजे डब्यात नऊ लिटरच्या वर एक घोट. वरचं 'हायली इन्फ्लेमेबल' हौसेचं नाही, तिकडच्या कायद्याने घालावं लागे.

म्हणजे घरच्यांचं या एका वस्तूपुरतं खरं. डबा ब्रिटिशांच्या काळातला आहे, आणि ब्रिटनमध्येच केलेला. इथे कसा आला ते डब्यावर लिहिलेलं नसतं. आपल्याकडे एका बाजूला कॅम्प, दुसऱ्या बाजूला खडकी, दोन्ही लष्करी छावण्या. बाहेरून आलेल्या गाड्यांबरोबर काय काय येत असेल, एवढंच म्हणता येईल.

झाकणाची मात्र गंमत आहे. प्रॅट्स हा ब्रिटनमधला दुसऱ्याच कंपनीचा ब्रँड, आणि तो १९३५ च्या आसपास एस्सो या नावात विरून गेला. म्हणजे तुमच्याकडे १९३८ च्या डब्यावर त्याच्याहून जुनं, परक्या घरचं झाकण बसलंय. असं पुष्कळ दिसतं. आटे सारखे, झाकणं हरवायची, हाताला येईल ते बसवायचं. शुद्धतावादी लोक याला 'जुळवलेला डबा' म्हणून नाक मुरडतात. मला उलट तो जास्त आवडतो, कारण तो वापरलेला आहे.

चिंच-मीठ. काय बोलू? पितळेवर ऐंशी वर्षांत जी कांती चढते ती पुन्हा चढायला ऐंशी वर्षं लागतात. आता निदान लखलखीत करायला तांबट आळीत नेऊ नका. आणि डबा घासणार असाल तर देवाशप्पथ तारेचा ब्रश नको. रंगाचा मूळ थर कडीच्या खाली, सांध्यांच्या खाचेत राहिलेला असतो, तोच पुरावा.

एक गंभीर गोष्ट. आत काय आहे ते बघायला काडी पेटवू नका. हसू नका, लोक बघतात. रिकामा डबा भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आत वाफ असते. झाकण काढून गच्चीवर सावलीत ठेवा आठवडाभर. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसंही असे, आपल्याकडे ते पूर्ण बंद झालं २००० साली. आतला चिकट थर नखाने खरवडू नका.

टिनाकडे येतो. असला टिन म्हणजे कोडं असतं, आणि एका खुणेवर कधी सोडवायचं नाही. चार-पाच खुणा घ्यायच्या आणि त्या कुठे एकमेकींवर येतात ते बघायचं. तुमच्या टिनावर 'लिटर' आहे. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ चा, तो टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला गॅलन-पाइंट गेले. म्हणजे टिन त्यानंतरचा. कंपनीचं पूर्ण नाव कुठे आहे का बघा. 'एस्सो स्टँडर्ड ईस्टर्न' असेल तर १९६२ नंतरचं, कारण त्या वर्षी स्टँडर्ड-व्हॅक्यूम ही जुनी कंपनी फुटून ती निघाली. दुसऱ्या टोकाला, भारतातलं एस्सो १९७४ मध्ये सरकारने घेतलं आणि १५ जुलै १९७४ ला हिंदुस्थान पेट्रोलियम झालं. 'बॉम्बे-२०' असा नुसता विभाग क्रमांक आहे, सहा आकडी पिनकोड नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. म्हणजे १९६२ ते १९७२ ही दहा वर्षं हाती लागली. छापून ठेवलेले टिन संपेपर्यंत वापरतात, म्हणून वरच्या टोकाला वर्ष-दोन वर्षांची ढील ठेवायची. 'एमएस'चं कोडं सुटलं तर अजून आवळता येईल, पण ते माझ्यापेक्षा नोझलकाका चांगलं सांगतील. काका, आहात का?

पावतीपुस्तकाची चिकटलेली पानं ओढू नका. आधी सावलीत पूर्ण वाळू द्या. मग बोथट पातळ काहीतरी, कोपऱ्यातून, एकेक. 'न.पै.' म्हणजे नवे पैसे. ते १९५७ ला आले आणि जून १९६४ पासून 'नवे' गळून नुसते 'पैसे' राहिले. त्यामुळे पुस्तकाची छपाई या सात वर्षांतली. गॅलनही छापलाय, म्हणजे त्यातल्याही अलीकडच्या टोकाची नाही. सालाच्या जागी काही वाचता येतं का?

नोझलकाका

आहे, आहे. दुपारी डोळा लागला होता.

ताई, मी १९७१ ला सातारा रोडच्या एका पंपावर लागलो, २००९ ला मॅनेजर म्हणून उतरलो. तुमचं बरोबर आहे, आमच्या धंद्यात एमएस म्हणजे मोटर स्पिरिट, एचएसडी म्हणजे डिझेल, आणि त्यावरून कुणी वाद घातला तर त्याला टाकीवर पाठवून डिप घ्यायला, म्हणजे पट्टी बुडवून पातळी मोजायला लावायचं. पण ऑइलच्या टिनावरचं एमएस वेगळं. ते इंजिनाला किती त्रास आहे त्याचं. एमएल म्हणजे मोटर लाइट, एमएम म्हणजे मॉडरेट, एमएस म्हणजे सीव्हिअर, सगळ्यात कडक काम. डिझेल इंजिनाला तसंच डीजी, डीएम, डीएस. ही अक्षरं १९५२ पासूनची. मी लागलो तेव्हाच नवी यायला लागली होती, एसए, एसबी, एससी, एसडी, डिझेलला सीए, सीबी अशी. नवी पद्धत ठरली १९७० मध्ये. मग एसई १९७२, एसएफ १९८०. आजच्या डब्यावर एसएन, एसपी बघता ना, ती त्याच माळेतली. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं ऑइल नवं. म्हणजे तुमचा टिन बहुतेक सत्तरच्या आधीचा. ब्रिटिश जाऊन पंधरा वर्षं झाली होती ताई, घरी सांगून टाका.

ती दोन भोकं आमच्यासारख्यांनीच पाडलेली. एक ऑइल यायला, एक हवा जायला. एकच पाडलं तर ऑइल गचके खात येतं आणि गिऱ्हाइकाच्या इंजिनावर सांडतं. रिकामा टिन फेकत नसत. त्याला कडी डाखून रॉकेलचं माप करत, खिळे ठेवत, कुणी तुळस लावे.

गॅलनवरून आठवलं. मी लागलो तेव्हा गॅलन जाऊन दहा वर्षं होऊन गेली होती, तरी फियाटवाले दोन-तीन म्हातारे गृहस्थ काच खाली करून 'दोन गॅलन टाक रे' म्हणायचे. आम्ही नऊ लिटर टाकायचो. वरच्या त्या घोटावरून कुणी भांडलं नाही. आज भांडतील.

बर्मा-शेलचं काही मिळालं तर तेही सांगा. ती कंपनी १९२८ ची. २४ जानेवारी १९७६ ला सरकारने घेतली, पण लगेच भारत पेट्रोलियम झाली नाही. आधी 'भारत रिफायनरीज' नाव होतं, १ ऑगस्ट १९७७ ला बदललं. त्या दीडच वर्षाचं छापील काही सापडलं तर ते जपा, ते थोडं असतं. तेव्हा लोकांनी जुनी बिलबुकं रबरी शिक्के मारून संपवली. आमच्या मालकांनीही मारायला लावले. माझा अंगठा आठवडाभर जांभळा होता.

माझ्याकडे स्वतःचं म्हणाल तर एकच वस्तू आहे, पाच लिटरचं माप. गिऱ्हाइकाला शंका आली की त्यात मारून दाखवायचं ते. वजनमापवाले साहेब दरवर्षी येऊन तपासत आणि बारीक शिक्का ठोकत. शिक्क्यात ए, बी, सी, डी यांतलं एक अक्षर आणि सालाचे आकडे. अक्षर म्हणजे तिमाही. कुणाकडे असं माप असेल तर त्याचं वय विचारायची गरजच नाही, कडेला लिहिलेलं असतं. पोचा आलेलं माप बाद, कारण आत गेलेल्या पोच्याएवढं पेट्रोल कमी बसतं.

पावतीपुस्तकात एक बघा. कुठे गोलात 'उ' लिहिलेला दिसतो का?

भट्टीवाला

मी पाटीवरच बोलतो, माझा तो विषय. भोसरीत गीझरच्या टाक्यांना आतून काचेचा मुलामा देण्याचं काम मी वीस वर्षं केलं. इनॅमलची पाटी म्हणजे तेच तंत्र. पोलादी पत्र्यावर काचेची भुकटी, आठशे अंशांच्या आसपास भट्टीत. आधी काळसर निळा पायाचा थर, तो पत्र्याला धरतो. मग एकेक रंग, साच्याने, आणि प्रत्येक रंगाला वेगळी भट्टी. त्यामुळे पिवळ्यावर लाल अक्षर असेल तर बोटाच्या टोकाला पायरी लागते. डोळे मिटून अक्षर वाचता आलं पाहिजे.

टवका कसा उडालाय ते बघा. काच फुटते तसा शिंपल्यासारखा उडतो, मध्ये पत्रा, भोवती काळ्या थराचं कडं. खरा गंज त्या कडेखाली घुसतो आणि काळपट असतो. ओला कापूस फिरवल्यावर नारिंगी रंग भसाभसा सुटला तर तो परवा आम्ल टाकून आणलेला गंज. भोकांतही बघा. खऱ्या पाटीला भोकं आधी, मुलामा नंतर, म्हणून भोकाच्या आतल्या कडेलाही काच वळलेली असते. भाऊंच्या पाटीचं वजन किती? दोन हात लागतात की दोन बोटं?

पेठीपत्ता

दोन बोटं. लावतो पैज.

माळ्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक सांगते.

पाटी: पेठीपत्ता जिंकले. भाऊ दोन बोटांत धरून आला. भिंगातून बघितलं, लाल अक्षरात ठिपकेच ठिपके, रविवारच्या पुरवणीसारखे. डोळे मिटून हात फिरवला, सगळं सपाट. कापूस नारिंगी झाला. दुकानदार म्हणाला 'आम्ही जुनी असं कुठे म्हटलं, जुन्यासारखी म्हटलं होतं'. आता ती पाटी भावाच्या गॅरेजमध्ये लागेल. त्यात वाईट काही नाही, फक्त 'गॅसोलीन' वाचलं की आता सगळे हसतात, त्याचा त्याला राग येतो.

टिन: कडेला उभ्या सांध्याजवळ फारच बारीक अक्षरात 'एस्सो स्टँडर्ड ईस्टर्न' आहे. म्हणजे १९६२ ते सत्तर. आत्या म्हणाली, तिच्या लग्नाच्या आधीची चार वर्षं हा टिन देवघरात वातींसाठी होता. लग्न १९६९ चं. जमलं.

डबा: गच्चीवर सावलीत आहे, झाकण काढून. काडी पेटवलेली नाही. बुधवार_रविवार, तारेचा ब्रश तेव्हा माझ्या हातातच होता, खोटं कशाला बोलू. कडीच्या खाली नखाएवढा लाल रंग सापडला.

आता पावतीपुस्तक. चार दिवस वाळवलं. मग स्वेटरच्या सुईने एकेक पान सोडवलं. दोन फाटली, बाकीची आली. डाग म्हणजे चहा-बिहा नाही. सांध्यातून राखाडी गाळ निघाला, वाळल्यावर टाल्कमसारखा. आणि शेवटची लिहिलेली नक्कल ११-७-६१ ची आहे.

पुण्यातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. १२ जुलैला पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला. आमच्या वाड्यापर्यंत पाणी आलं नव्हतं, आम्ही चढावर. म्हणजे पुस्तक पंपावर भिजलं, आणि तिथून आबांनी ते घरी आणलं. शेवटच्या काही नकलांवर आबांनी छापलेला 'गॅलन' रेघ मारून वर 'लि.' लिहिलंय. बदलाच्या मधोमध पूर आला.

नोझलकाका, 'उ' आहे. गोलात. सतरा पावत्यांवर. तुम्हाला कसं कळलं?

नोझलकाका

उ म्हणजे उधार, ताई. सगळे हिशेबनीस तसंच लिहीत, मीही. डॉक्टर, वकील, टेम्पोवाले, महिन्याच्या महिन्याला द्यायचे. खातेवही वेगळी असते, ती ऑफिसात खालच्या खणात. पूर आला तर पहिली तीच जाणार. मग कोण किती देणं लागतं याला पुरावा राहिला तो या नकलांचाच. आबा एवढं भिजलेलं बाड घरी का घेऊन आले याचं मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

नाव-रक्कम वाचता येतेय का अजून? कार्बनचं असेल तर यायला पाहिजे.

बुधवार_रविवार

काका बरोबर. कार्बनचा रंग मेणात असतो, पाण्याने फुटत नाही. दौतीची शाई असेल ती पसरलेली दिसेल. ताई, पसरलेल्या आणि न पसरलेल्या अक्षरांकडे नीट बघा. कार्बन सोडून, डागाच्या वरून जे लिखाण जसंच्या तसं, रेघ कापरी न होता उभं आहे, ते पूर ओसरल्यानंतरचं.

माळ्यावरची

काल रात्री साडेबारापर्यंत बसले. आत्याही बसली, तिला दिसत नाही तरी.

कार्बनची नावं-रकमा सगळ्या वाचता येतात. 'उ' शाईचा होता, प्रत्येक ठिकाणी पसरून निळं फूल झालंय. आणि चौदा पावत्यांवर, बरोबर त्या डागावर, शिसपेन्सिलीने 'जमा' आणि तारीख. अक्षर आबांचं. रेघ स्वच्छ. पहिली तारीख २ ऑगस्ट, शेवटची पुढच्या वर्षीच्या मार्चातली. एकाने तीन वेळा थोडे थोडे दिलेत. आत्याला ते नाव ऐकून आठवलं, नारायण पेठेत त्यांचं घर राहिलं नव्हतं, तरी ते देऊन जायचे आणि चहा न घेता जायचे.

तीन पावत्यांवर 'जमा' नाही. तीनही एकाच नावाच्या. नाव लिहीत नाही, त्यांची माणसं अजून आपल्यातच असतील. शेवटच्या नकलेवर, त्यांच्या रकमेपुढे, आबांनी काही तरी लिहून खोडलंय. भिंगाने बघितलं. 'गेले' असं वाटतं. पुराच्या यादीतले गेले की गाव सोडून गेले, ते आत्यालाही सांगता आलं नाही.

पुस्तक बटर पेपरमध्ये गुंडाळून ठेवलंय. डब्याला प्रॅट्सचंच झाकण राहू देते.